नोटीस आली ती खऱ्या बातमीची

कोर्टाचा अवमान मी आयुष्यात एकदा केला आणि त्याबद्दल मला कधी नोटीस आली नाही. नोटीस आली ती दुसऱ्याच बातमीसाठी. ती बातमी खरी होती. या गोष्टीचा राग माझ्या डोक्यातून अजून उतरलेला नाही, आणि तो उतरावा अशी माझी फारशी इच्छाही नाही.

कर्जतच्या कोर्टासमोर माझं झेरॉक्स, टायपिंग आणि पासपोर्ट फोटोचं दुकान आहे. प्रतिज्ञापत्रं, सात-बाराच्या नकला, जात पडताळणीचे अर्ज, शाळा सोडल्याचे दाखले, सगळा तालुका कधी ना कधी माझ्या काचेवर पालथा पडतो. त्याच्या जोडीला बारा वर्षं मी एका दैनिकाची तालुका वार्ताहर होते. बातमीवर नाव येत नाही, पण गावात लोक आधी नमस्कार करतात आणि पोलीस ठाण्यात खुर्ची मिळते. आमच्या घरात पेपरात लिहिणारी मीच पहिली. माझ्या आजोबांनी छप्पनच्या पाठोपाठ धम्म घेतला तेव्हा गावाने त्यांना काय काय म्हटलं, ते ऐकत मी मोठी झाले. माणसाला त्याच्या जातीने हाक मारली की काय होतं, हे मला कुणी पुस्तकातून शिकवायची गरज नव्हती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी काय केलं ते वाचताना कुणाला माझी कीव यायला नको.

तीनेक वर्षांपूर्वी तालुक्यातल्या एका गावात कापड दुकानदाराच्या घरी पहाटे दरोडा पडला. दुकानदाराच्या आईला मारहाण झाली, दागिने गेले. आठवड्याभरात पोलिसांनी एकाला पकडलं, बाकीचे फरार. नेहमीप्रमाणे आम्हा पत्रकारांना ठाण्यात बोलावलं आणि आरोपीला मधे उभं केलं. डोक्यावर काळा बुरखा, दोन्ही बाजूंना पोलीस. ओळखपरेड व्हायची असते तेव्हा आरोपीचा चेहरा झाकतात. साक्षीदाराने आधी तोंड पाहिलं तर परेडला अर्थ उरत नाही. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं लिहिलं तर मला सोपं जाईल, पण ते खोटं होईल.

पोलिसांनी नाव सांगितलं. दुकानात येऊन बातमी टाइप करायला बसले तर ते नाव ओळखीचं वाटायला लागलं. कॉम्प्युटरवर शोधलं तर त्या नावाची फाईलच निघाली. दोन महिन्यांपूर्वी तो माझ्याकडे पासपोर्ट फोटो काढायला आला होता. सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार म्हणून लागला होता आणि त्याला गेटपाससाठी फोटो हवे होते. कोरा शर्ट घालून आला होता. सगळ्या पेपरांत बुरखा येणार होता आणि माझ्याकडे चेहरा होता. मी फार विचार केला नाही. दोन मिनिटांत तो फोटो नगरच्या कचेरीला पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर चार कॉलम. मथळ्यात ‘गुन्ह्याची कबुली’. पहिल्या वाक्यात त्याच्या नावाच्या आधी त्याची जात, पोलिसांनी कागदावर लिहून दिली होती तशी. ते वाक्य माझं होतं. कबुली मी ऐकली नव्हती. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, हे रोज वकिलांचे कागद टाइप करणाऱ्या बाईला कळत नव्हतं असं कुणी समजू नये. साहेबांचा, म्हणजे आमच्या आवृत्तीप्रमुखांचा, नगरहून अभिनंदनाचा फोन आला. अधिस्वीकृतीच्या, म्हणजे पत्रकाराच्या सरकारी ओळखपत्राच्या, अर्जाला निवडक बातम्या जोडाव्या लागतात म्हणून मी ते अख्खं पान, वरच्या तारखेसकट, प्लास्टिकच्या पिशवीत घालून दुकानातल्या माझ्या फाईलला लावलं. माझं तोवरचं ते सगळ्यात चांगलं काम आहे असं मला वाटत होतं.

त्यानंतर मी ते विसरले. तो विसरला नसणार, कारण तो तुरुंगात होता.

दीड वर्षाने खटला नगरच्या सेशन्स कोर्टात उभा राहिला. त्याचे वकील आमच्या कर्जतचेच, सत्तरीला टेकलेले, हाताने लिहून माझ्याकडून टाइप करून घेणारे. त्यांच्या कागदांवरून मला तारीख कळली. नेमकं त्याच दिवशी मला झेरॉक्स मशीनचा टोनर आणायला नगरला जायचं होतं. सकाळच्या एसटीने गेले, टोनर घेतला, हातात वेळ होता म्हणून कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसले. खरं सांगायचं तर तालुका वार्ताहर सेशन्स कोर्टात कधी बसत नाही. वकिलाला किंवा पोलिसांना फोन करायचा आणि बातमी घ्यायची, अशीच आमची रीत. बारा वर्षांत मी पहिल्यांदाच एका साक्षीला पूर्ण वेळ बसले.

साक्षीदार गावातला दूधवाला होता. पहाटे डेअरीला दूध घालायला निघाला असताना त्याने पळणारी माणसं पाहिली होती, आणि ओळखपरेडमध्ये याच आरोपीला हात लावला होता. जेवणाच्या सुट्टीनंतर, तीनच्या सुमाराला त्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बोलावलं. सरकारी वकिलांनी विचारलं, तेव्हा पाहिलेला माणूस कोर्टात आहे का. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाला, तोंडाला रुमाल बांधले हुते, मला कुनाचा चेहरा दिसला न्हाई. सरकारी वकील चिडले. परेडमध्ये याला हात लावला होतास की नाही, असं त्यांनी दरडावून विचारलं. त्याने होय म्हटलं. मग आमचे म्हातारे वकील उठले. चेहरा पाहिलाच नव्हता तर हात कशाच्या जोरावर लावला, एवढंच त्यांनी विचारलं.

“पेपरात फोटो आल्ता की, साहेब. त्योच मानूस रांगेत हुता, म्हून हात लावला.”

वकिलांनी खिशातून एक कात्रण काढलं. आरोपीच्या बहिणीने जपून ठेवलेलं, कडेने कापलेलं, घडीवर फाटत आलेलं. मी मागच्या बाकावरून माझा मथळा ओळखला. सरकारी वकिलांनी ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि कोर्टाला म्हणाले, यावर तारीख कुठे आहे? फोटो परेडच्या नंतर छापून आला असेल, अडाणी साक्षीदाराचा घोळ झाला आहे. वकिलांनी कात्रण परत घेऊन खिशात ठेवलं. आरोपी आपल्या पिंजऱ्यात मान खाली घालून उभा होता. मी मांडीवरची टोनरची पिशवी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले होते, आणि मला खरोखर वाटत होतं की कुणी वळून पाहू नये.

परतीच्या एसटीत मोबाईल उघडला. आमच्या तालुक्यातल्या पत्रकारांचा एक ग्रुप आहे. एकाने बातमी लिहून टाकायची, बाकीच्यांनी पहिलं वाक्य बदलून आपापल्या पेपरला पाठवायची, हे वर्षानुवर्षं चालत आलेलं. मीही ते केलेलं आहे. त्या दिवशीची बातमी आमच्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ पत्रकाराने टाकली होती. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. ‘प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने आरोपीला ओळखले.’ खाली वेळ होती दुपारी बारा वाजून दहा मिनिटं. साक्षीदार पिंजऱ्यात चढला तीन वाजता. मी अण्णांना फोन केला. ते म्हणाले, दुकानदाराच्या पुतण्याचा सकाळीच निरोप आला होता आणि निरोप पक्का होता. साक्ष व्हायच्या आधीच पक्का कसा, असं विचारलं तर म्हणाले, ताई, तुम्ही फार खोलात शिरता.

मग मी शिरलेच. घरी पोचेपर्यंत मोबाईलवरच बातमी लिहिली. साक्षीदाराने आरोपीला ओळखले नाही. परेडपूर्वी एका वृत्तपत्रात फोटो पाहिल्याचे त्याने सांगितले. जे झालं ते, जसं झालं तसं. शब्दन् शब्द खरा, फक्त ‘एका’च्या जागी ‘आमच्या’ लिहायला माझा हात धजला नाही. सात पेपरांत साक्षीदाराने ओळखलं आणि आमच्या एकट्या पेपरात ओळखलं नाही.

आठवड्याने दुकानदाराच्या बाजूने कोर्टात अर्ज गेला. खटला चालू असताना खोडसाळ बातमी छापून उरलेल्या साक्षीदारांवर दबाव आणला, हा न्यायालयाचा अवमान आहे. सोबत पुरावा म्हणून त्या सात पेपरांची कात्रणं. म्हणजे जे कोर्टात पाऊलही न ठेवता लिहिलं गेलं ते खऱ्याचं माप, आणि तिथे बसून लिहिलं ते खोडसाळ. कोर्टाने आमच्याकडून खुलासा मागवला. हायकोर्टाकडे प्रकरण का पाठवू नये, असं त्यात विचारलेलं होतं. नोटीस संपादकांच्या नावे होती आणि माझ्याही.

साहेबांनी नगरला बोलावलं. टेबलावर कागद तयार होता. सदर बातमी अपुऱ्या माहितीवरून अनवधानाने प्रसिद्ध झाली, ती आम्ही मागे घेत आहोत, बिनशर्त माफी मागत आहोत. खाली संपादकांची सही झालेली, माझी जागा रिकामी. मी म्हणाले, माहिती अपुरी नव्हती, मी तिथे बसले होते. ते म्हणाले, सात पेपरांत एक आलंय आणि आपल्यातच वेगळं. मी म्हणाले, त्या सातांतलं कुणी कोर्टात नव्हतं. त्यावर त्यांनी तो शब्द काढला जो आमच्या धंद्यात अडचण आली की हमखास निघतो. विषय न्यायप्रविष्ट आहे, ताई. त्यावर आपण बोलायचं नसतं. त्या माणसाचा चेहरा पहिल्या पानावर छापला त्या दिवशी हा शब्द कुणाला सुचला नव्हता. त्या दिवशी अभिनंदनाचा फोन आला होता.

त्या फोटोच्या अंकाची फाईल मी मागितली. आमच्या म्हाताऱ्या वकिलांनी कचेरीला पत्र पाठवून तो अंक मागितल्याचं मला माहीत होतं. साहेब म्हणाले, त्या महिन्याची फाईल उपलब्ध नाही, तसं त्यांना कळवलंय. मग आवाज खाली आणून ते म्हणाले, “जुनं उकरू नका. तो फोटो कुणी पाठवला होता ते माझ्या लक्षात आहे.”

धमकीच होती ती, आणि तिने उलटंच झालं. मी तोवर भीत होते. नोकरी नव्हे, पण नाव जाईल, ठाण्यातली खुर्ची जाईल, कोर्टासमोर दुकान आणि कोर्टातच आरोपी म्हणून उभं राहावं लागेल, असं सगळं डोक्यात होतं. पण माझ्या लक्षात आहे असं ते ज्या तऱ्हेने म्हणाले, त्यावरून मला कळलं की या माणसाला तारीखही लक्षात आहे. फोटो परेडच्या आधी आला हे त्याला पक्कं माहीत आहे आणि ते लपवण्यासाठी फाईल गायब आहे. मी सही केली नाही. माझा खुलासा मी स्वतः देईन, असं सांगून निघाले.

कर्जतला उतरले आणि घरी न जाता तडक वकिलांकडे गेले. ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते. फोटो मी दिला, तो माझ्याच दुकानात काढलेला होता, आणि तारखेसकट अख्खं पान माझ्याकडे आहे, हे तिन्ही मी उभ्याउभ्याच सांगितलं. त्यांनी मला पायरीवर बसवलं. मग म्हणाले की फोटोची बातमी आरोपपत्राच्या, म्हणजे खटला उभा राहण्याच्या, आधीची आहे, कायद्याने तो अवमान होतो की नाही यावर कोर्टात तास न् तास वाद घालता येईल.

“पण खुलाशात तूच लिहून दिलंस तर वाद घालायला जागा राहत नाही. तुझ्याच अक्षरात तुझ्या गळ्यात येईल.”

मी विचारलं, पान दिलं नाही तर त्याचं काय होईल. ते म्हणाले, ओळखपरेड टिकली तर शिक्षा लागेल, दुसरा पुरावा फारसा नाही पण परेड पुरेशी आहे. मी दुकानातून पान आणून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी आधी तारीख पाहिली, मग फोटो, मग माझ्याकडे न बघता चष्मा पुसत बसले.

खुलासा मी माझ्याच दुकानात टाइप केला, दोन पानांचा. पहिल्या पानावर लिहिलं की बातमी साक्षीबरहुकूम आहे, साक्षीची नक्कल पाहावी, मी माफी मागणार नाही आणि बातमी मागे घेणार नाही. दुसऱ्या पानावर लिहिलं की याच खटल्यातल्या आरोपीचा चेहरा ओळखपरेडच्या पाच दिवस आधी मी छापला, तो माझ्या गिऱ्हाइकाचा फोटो होता आणि त्याला न विचारता दिला. न ऐकलेली कबुली छापली, जात छापली. याबद्दल मला कुणी नोटीस दिलेली नाही, पण अवमान झाला असेल तर तो हा आहे, आणि याची माफी मी मागते. मला राग आला होता आणि रागात मी नेहमी नीट टाइप करते.

न्यायाधीशांनी दोन्ही पानं शांतपणे वाचली. पहिल्या पानाबद्दल त्यांनी साक्षीची नक्कल मागवून ताडून पाहिलं आणि नोटीस तिथेच मिटवली. मग दुसरं पान वर धरून त्यांनी विचारलं, हे तुमच्याकडे कुणी मागितलं होतं. मी म्हणाले, कुणीच नाही, साहेब, म्हणूनच आणावं लागलं. याचं काय करायचं ते निकालाच्या वेळी पाहू, असं ते म्हणाले. म्हणजे पुढचे सात महिने ते माझ्या डोक्यावर राहिलं.

मधल्या काळात वकिलांनी मला बचावाची साक्षीदार म्हणून बोलावलं. मी पिंजऱ्यात उभी राहिले, पान दाखवलं, फोटो कुठून आला ते सांगितलं. आरोपी समोर होता. त्याला आजवर वाटत होतं की फोटो कंपनीने दिला. मी सांगत होते तेव्हा त्याने पहिल्यांदा मान वर केली आणि माझ्याकडे पाहत राहिला. सरकारी वकिलांनी मला सोडलं नाही. विश्वासाने आलेल्या गिऱ्हाइकाचा फोटो विचारल्याशिवाय छापता, तर तुमच्यावर या कोर्टाने का विश्वास ठेवायचा, असं त्यांनी विचारलं.

“ठेवू नका,” मी म्हणाले. “पानावरची तारीख वाचा.”

तो सुटला. निकालात माझ्याबद्दल दोन परिच्छेद आहेत आणि ते गोड नाहीत. माफी स्वीकारली, पुढची कारवाई केली नाही. ग्रुपवर अण्णांनी बातमी टाकली की संशयाचा फायदा मिळून आरोपी निर्दोष, आणि पेपरांनी ती आतल्या पानावर, सिंगल कॉलममध्ये घेतली. आमच्या पेपरने तीही घेतली नाही. मला साहेबांचा फोन आला आणि उद्यापासून बातमी पाठवू नका असं सांगून त्यांनी फोन ठेवला.

महिन्याभराने तो दुकानात आला. पायरीवरच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी आला नाही. मी सरळ सांगितलं की दुसऱ्या पेपरात माझी ओळख आहे, तू निर्दोष सुटलास हे मी पहिल्या पानावर आणते, त्या वेळी जेवढं मोठं आलं तेवढंच मोठं. मला वाटलं होतं तो हो म्हणेल. महिनाभर मी याच क्षणाची तयारी करत होते.

“नका लिवू, ताई,” तो म्हणाला. “तुमच्या सांगन्यानं सुटलो, ते मी न्हाई म्हनत न्हाई. पर गावात अजून मला पेपरातला म्हनत्यात. परत छापलं की परत त्येच.”

सुप्याला नव्या कंत्राटदाराकडे काम लागतंय, असं त्याने सांगितलं. फोटो पाहिजे होते का, असं माझ्या तोंडून निघून गेलं. त्याने एसटी येते का ते पाहिलं. मग म्हणाला की फोटो मिरजगावला काढले, आणि खर्ड्याकडून येणारी एसटी आली तसा रस्ता ओलांडून गेला. मला फार वाईट वाटलं, आणि त्याचं बरोबर होतं.

मी ती बातमी लिहिली नाही. हे लिहिलं, कारण यातला माझा भाग माझा आहे आणि तो लिहू नको असं मला कुणी सांगू शकत नाही, ना साहेब, ना अण्णा, ना दुकानदाराचा पुतण्या. सुटलेल्या त्या माणसाचं नाव यात नाही, गाव नाही, जात नाही. त्याची मुलाखत हवी म्हणून तो कुठल्या गल्लीत राहतो हे मला विचारायला दोन पत्रकार येऊन गेले. दोघांनाही मी दुकानाबाहेर काढलं.